हायब्रिड प्रोसेसर आणि ‘-मार्च=नेटिव्ह’ : कंपायलर नेमके कोणाला विचारतो?

ताळेबंद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या संगणकात इंटेलचा बाराव्या पिढीचा, अल्डर लेक कुटुंबातला प्रोसेसर आहे आणि त्यावर मी लिनक्स वापरतो. सी भाषेतली एक लहानशी लायब्ररी मी जीसीसी या कंपायलरवर (सोर्सचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) ‘-ओ२ -जी -मार्च=नेटिव्ह’ हे पर्याय देऊन बिल्ड करतो आणि तयार झालेल्या फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) नोंदवून ठेवतो, कारण तीच फाइल पुढे एका तपासणीत ताडून पाहावी लागते. सोर्स तोच, कंपायलर तोच, फोल्डर तोच, तारीख-वेळ फाइलमध्ये कोठेही जात नाही, तरीही हॅश कधी एक येतो तर कधी दुसरा. विशेष म्हणजे तिसरा कधीच येत नाही. तेच दोन आलटून पालटून येतात. एकाच प्रकारचे कोअर असलेल्या जुन्या संगणकावर असे होत नसे.

‘नेटिव्ह’ याचा अर्थ ‘या यंत्राला जे जे येते ते सर्व वापर’ असा मी आजवर धरत आलो आहे. पण ज्या प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर (मोठे, वेगवान पी-कोअर आणि लहान, काटकसरी ई-कोअर) आहेत, तेथे ‘हे यंत्र’ म्हणजे कोण? कंपायलर सर्व कोअरना विचारून उत्तर काढतो की एकालाच विचारतो? आणि एकालाच विचारत असेल, तर पी-कोअरवर तयार झालेला प्रोग्राम ई-कोअरवर गेल्यावर कोसळण्याची भीती कितपत खरी आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उंबरठा

दोन प्रकारचे कोअर आणि दोनच हॅश, यातच बरेचसे उत्तर आले. प्रोग्रामला ठरावीक कोअरपुरते बांधणारी ‘टास्कसेट’ ही आज्ञा वापरून पूर्ण बिल्ड आधी फक्त पी-कोअरवर आणि मग फक्त ई-कोअरवर चालवून पाहा. कोणते क्रमांक कोणाचे, हे सिसएफएसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल हार्डवेअरची माहिती मांडतो ती जागा) डिव्हायसेस फोल्डरातील ‘सीपीयू_कोअर’ आणि ‘सीपीयू_ॲटम’ या नोंदींत मिळेल.

आज्ञावली

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की एक्स८६ वर (इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरच्या जातीवर) जीसीसी एकाच कोअरला विचारतो, आणि तो कोअर कोणता हे जीसीसी ठरवत नाही. शेड्युलरने, म्हणजे कोणता प्रोग्राम कोठे चालेल हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने, ज्या कोअरवर त्याला त्या क्षणी ठेवले असेल तो.

हे कसे घडते ते थोडे पाहू. ‘-मार्च=नेटिव्ह’ हा पर्याय प्रत्यक्ष कंपायलरपर्यंत पोहोचतच नाही. आपण ज्याला ‘जीसीसी’ म्हणून हाक मारतो तो ड्रायव्हर प्रोग्राम प्रोसेसरला त्याची ओळख आणि वैशिष्ट्ये विचारणारी ‘सीपीयूआयडी’ ही इन्स्ट्रक्शन चालवतो, मिळालेल्या उत्तरांवरून ‘-मार्च=अल्डरलेक’, त्यापुढे एकेका वैशिष्ट्याचा होकार किंवा नकार, आणि शेवटी कॅशच्या (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) आकारांचे काही पॅरामीटर अशी लांबलचक यादी तयार करतो आणि ती आतल्या ‘सीसी१’कडे, म्हणजे प्रत्यक्ष कंपायलरकडे, सोपवतो. ‘-व्ही’ देऊन बिल्ड केल्यास ही पूर्ण यादी डोळ्यांनी पाहता येते.

आता ‘सीपीयूआयडी’ ही विशेषाधिकाराची इन्स्ट्रक्शन नाही. कोणताही प्रोग्राम ती कर्नलला न विचारता चालवू शकतो, आणि ती ज्या कोअरवर चालते त्या कोअरपुरतेच बोलते. अल्डर लेकमध्ये इंटेलने एक काळजी घेतली आहे : पी-कोअर आणि ई-कोअर दोन्ही फॅमिली आणि मॉडेलचे क्रमांक सारखेच सांगतात. त्यामुळे ‘अल्डरलेक’ हे नाव दोन्हीकडून एकच निघते. प्रोसेसर हायब्रिड आहे की नाही, हे ‘सीपीयूआयडी’च्या उत्तरातील सातव्या लीफमधील (पानातील) ईडीएक्स रजिस्टरच्या १५ व्या बिटवरून कळते, आणि आपण सध्या कोणत्या प्रकारच्या कोअरवर आहोत हे सांगण्यासाठी षोडशमान १ए क्रमांकाचे वेगळे लीफ आहे. त्यात षोडशमान ४० आले तर पी-कोअर आणि २० आले तर ई-कोअर. माहिती अशी उपलब्ध आहे, परंतु जीसीसीचा ड्रायव्हर ‘-मार्च=नेटिव्ह’साठी ती विचारात घेत नाही.

मग फरक कोठून येतो? कॅशमधून. अल्डर लेकच्या पी-कोअरचा पहिल्या पातळीचा डेटा कॅश ४८ किलोबाइटचा आहे आणि ई-कोअरचा ३२ चा. म्हणजे यादीच्या शेपटाला ‘एल१-कॅश-साइझ’ कधी ४८ लागतो, कधी ३२.

पडवी

थोडक्यात, खानेसुमारीला आलेल्या माणसाने दारात जो भेटला त्याचेच वय, उंची आणि शिक्षण सगळ्या घराच्या नावावर लिहून न्यावे, तसा हा प्रकार दिसतो. एके दिवशी आजोबा दारात, दुसऱ्या दिवशी नातू.

खडूफळा

आज्ञावली यांचे विवेचन मान्य आहे, परंतु त्यातून जीसीसीला जरा सहजच सोडून दिल्यासारखे वाटते. सात-आठ ओळींचा कोड लिहून ड्रायव्हरला प्रत्येक कोअरवर आळीपाळीने जाता येईल, प्रत्येकाला ‘सीपीयूआयडी’ विचारता येईल आणि सर्वांमध्ये जे समान असेल तेवढेच धरता येईल. ‘शेड्युलरने जेथे ठेवले तेथे विचारले’ हे कारण वर्णन म्हणून ठीक आहे, समर्थन म्हणून नाही. एकच आज्ञा एकाच यंत्रावर दोन निष्कर्ष देत असेल, तर तो दोष समजला पाहिजे.

आज्ञावली

खडूफळा, प्रत्येक कोअरवर जाणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. प्रोग्रामला कंटेनरमध्ये किंवा ‘टास्कसेट’खाली ठरावीक कोअरपुरतेच बांधलेले असेल, तर इतर कोअरवर जाण्याची त्याला मुभाच नसते, आणि मग ‘सर्वांमध्ये समान’ हे उत्तरही परत कोणी कोठे बांधले यावर अवलंबून राहते. शिवाय कंपायलर एका बिल्डमध्ये हजारो वेळा सुरू होतो. प्रत्येक वेळी सर्व कोअरची प्रदक्षिणा घालायची, तर निद्रिस्त कोअर उठवत बसावे लागेल. हे काम कर्नलने एकदाच करून उत्तर तयार ठेवावे, असे माझे मत आहे. आर्मच्या, म्हणजे मुख्यतः मोबाइलमध्ये असणाऱ्या प्रोसेसरच्या, जगात तसेच होते, पण त्यावर अधिक माहिती असलेले कोणी लिहील तर बरे.

जुनाजाणता

कोसळण्याच्या भीतीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण ती भीती काल्पनिक नव्हती आणि त्यामागचा इतिहास फार जुना नाही.

इंटेलचा पहिला हायब्रिड प्रोसेसर लेकफिल्ड जून २०२० मध्ये आला. त्यात सनी कोव्ह जातीचा एक मोठा कोअर आणि ट्रेमॉन्ट जातीचे चार लहान कोअर होते. सनी कोव्हला एव्हीएक्स-५१२ (एका वेळी ५१२ बिट डेटा हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन) पर्यंत सर्व काही येत होते, पण ट्रेमॉन्टला साधे एव्हीएक्ससुद्धा येत नव्हते. उपाय म्हणून मोठ्या कोअरचे एव्हीएक्स पूर्णपणे बंद करून त्याला लहान भावंडांच्या पातळीवर आणले गेले.

अल्डर लेकमध्ये लहान कोअर ग्रेसमॉन्ट जातीचे आले आणि त्यांना एव्हीएक्स२ येऊ लागले, त्यामुळे समान पातळी बरीच वर सरकली. परंतु एव्हीएक्स-५१२ अजूनही फक्त मोठ्या, गोल्डन कोव्ह कोअरच्या सिलिकॉनमध्ये होते. ऑगस्ट २०२१ मध्ये रचनेची माहिती देतानाच इंटेलने ते या प्रोसेसरमध्ये बंद असेल असे सांगितले. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२१ ला विक्री सुरू झाल्यावर लोकांच्या लक्षात आले, की काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये सर्व ई-कोअर बंद केले तर एव्हीएक्स-५१२ चालू करण्याचा पर्याय उघडतो. २०२२ च्या सुरुवातीला बायोस आणि मायक्रोकोडच्या नव्या आवृत्त्यांनी ती वाट बंद केली आणि पुढे तयार झालेल्या चिपमध्ये ते कायमचेच बंद करण्यात आले.

आता ताळेबंद यांच्या प्रश्नाकडे. त्या मधल्या काळात ई-कोअर बंद ठेवून कोणी ‘-मार्च=नेटिव्ह’ने बिल्ड केले, तर ‘सीपीयूआयडी’ने एव्हीएक्स-५१२ आहे असे प्रामाणिकपणे सांगितले असते आणि जीसीसीने त्या इन्स्ट्रक्शन वापरल्या असत्या. नंतर ई-कोअर पुन्हा चालू केले की तोच प्रोग्राम त्याच यंत्रावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडला असता. येथे कंपायलरने तपास केला तेव्हाचे यंत्र आणि प्रोग्राम चालला तेव्हाचे यंत्र ही खरोखर दोन वेगळी यंत्रे होती. आपल्या सध्याच्या संगणकावर हा धोका नाही, कारण दोन्ही प्रकारच्या कोअरना येणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा संच सारखाच ठेवलेला आहे. ‘-मार्च=अल्डरलेक’ या नावातही एव्हीएक्स-५१२ समाविष्ट नाही.

पडवी

म्हणजे घरातल्या शिकलेल्या माणसाची पदवीच काढून घेतली, जेणेकरून खानेसुमारीवाल्याचा गोंधळ होऊ नये.

भ्रमणध्वनी

आज्ञावली यांनी आर्मचा उल्लेख केला आहे, म्हणून हा जरा लांबलेला प्रतिसाद. हायब्रिडचा संसार आर्मवाल्यांनी इंटेलच्या कितीतरी आधी मांडला आणि त्यातले बहुतेक चटके त्यांनी आधीच खाल्ले आहेत.

आर्मच्या ६४ बिट लिनक्समध्ये कर्नल सुरू होताना प्रत्येक कोअरचे वैशिष्ट्य-रजिस्टर वाचतो आणि सर्वांना मान्य होईल असे एक शुद्ध केलेले उत्तर तयार करतो. प्रोग्रामना ‘एचडब्ल्यूकॅप’ म्हणून जे दिले जाते ते हेच. प्रोग्रामने स्वतः ती रजिस्टर वाचण्याचा प्रयत्न केला तरी तो प्रयत्न कर्नलमध्ये अडकतो आणि कर्नल आपले शुद्ध केलेले उत्तरच परत देतो. ‘सीपीयूआयडी’सारखी थेट कोअरशी बोलण्याची सोय तेथे सामान्य प्रोग्रामला नाही, आणि हायब्रिड रचनेत हेच वरदान ठरले.

पण कर्नल चुकला तर? सॅमसंगच्या गॅलेक्सी एस९ प्लसमध्ये एक्सिनॉस ९८१० ही चिप होती. तिच्यातले लहान कोअर कॉर्टेक्स-ए५५ हे आर्मव्ही८.२ चे, तर सॅमसंगने स्वतः घडवलेले मोठे एम३ कोअर आर्मव्ही८.० चे. म्हणजे नव्या धाटणीच्या ॲटॉमिक (मध्ये खंड न पडता एकदम पूर्ण होणाऱ्या) इन्स्ट्रक्शन लहान कोअरना येत होत्या आणि मोठ्यांना येत नव्हत्या. त्या फोनच्या कर्नलने मात्र त्या उपलब्ध असल्याचे कळवले. गो भाषेच्या रनटाइमने त्यावर विश्वास ठेवला आणि प्रोग्राम मोठ्या कोअरवर गेला की ‘सिगइल’ (अवैध इन्स्ट्रक्शनचा इशारा) येऊन पडू लागला. गोच्या विकासकांनी अखेर अँड्रॉइडवर त्या इन्स्ट्रक्शनचा वापरच बंद करून टाकला. त्या फोनचे नाव घेऊन लिहिलेली टीप त्यांच्या सोर्समध्ये आहे.

त्याआधीची, २०१६ ची मोनोची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे, कारण तिचा इन्स्ट्रक्शन संचाशी संबंधच नव्हता. एक्सिनॉस ८८९० मध्ये मोठ्या एम१ कोअरची कॅश लाइन (कॅशमधला एक कप्पा) १२८ बाइटची आणि लहान कॉर्टेक्स-ए५३ ची ६४ बाइटची होती. मोनो हा .नेट प्रोग्राम चालवणारा रनटाइम आणि त्यात जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड तयार करणारा, कंपायलर. नवा कोड तयार केल्यावर इन्स्ट्रक्शन कॅश साफ करण्यासाठी तो जीसीसीसोबत येणारे ‘क्लिअर_कॅश’ हे फंक्शन वापरत असे. ते फंक्शन पहिल्या वेळी कॅश लाइनचा आकार विचारून कायमचे लक्षात ठेवायचे. पहिली वेळ मोठ्या कोअरवर आली, की आकार १२८ ठरला. पुढे तेच फंक्शन लहान कोअरवर चालले की ते १२८-१२८ च्या उड्या मारत पुढे जाई आणि मधली प्रत्येक दुसरी लाइन न साफ होता तशीच राही. मग शिळ्या इन्स्ट्रक्शन चालून कोठेही, कसाही प्रोग्राम कोसळे. असा दोष शोधणे म्हणजे काय यातना असतात, हे ज्याने असा एखादा दोष शोधला आहे त्यालाच कळेल.

तेव्हा खडूफळा यांना एवढेच म्हणेन, की ‘सर्व कोअरमध्ये समान तेवढेच’ हा नियम इन्स्ट्रक्शनसाठी पुरेसा आहे. कॅश लाइनच्या आकारासाठी सर्वांत लहान आकडा घ्यावा लागतो, आणि कॅशच्या एकूण आकारासाठी कोणता घ्यावा याला एकच बरोबर उत्तर नाही.

रात्रपाळी

भ्रमणध्वनी यांनी जीसीसी आर्मवर ‘नेटिव्ह’ कसे ओळखतो ते लिहिले नाही, ते पुरवणी म्हणून. तेथे ड्रायव्हर प्रॉकमधील सीपीयूइन्फोची फाइल वाचतो आणि ‘सीपीयू पार्ट’चे आकडे गोळा करतो. दोन प्रकारचे कोअर आढळले तर ‘कॉर्टेक्स-ए७२.कॉर्टेक्स-ए५३’ किंवा ‘कॉर्टेक्स-ए७६.कॉर्टेक्स-ए५५’ अशी जोडनावे त्याच्या यादीत असतात. रॉकचिपचे आरके३३९९ आणि आरके३५८८ या जोड्यांमध्ये नीट बसतात. गंमत पुढे आहे : स्नॅपड्रॅगन ८८८ सारख्या चिपमध्ये एक कॉर्टेक्स-एक्स१, तीन ए७८ आणि चार ए५५ असे तीन प्रकार असतात, आणि जीसीसीचा कोड बराच काळ दोनांहून अधिक प्रकार दिसले की ‘ओळख पटली नाही’ म्हणून मोकळा होत असे. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणे बरे, असे मला तरी वाटते.

खडूफळा

प्रश्न थोडा पुढे नेतो. इन्स्ट्रक्शन संच सर्व कोअरमध्ये सारखाच हवा, ही अट तरी अपरिहार्य आहे का? एव्हीएक्स-५१२ वापरणारा प्रोग्राम कर्नलने फक्त पी-कोअरवर ठेवावा, बाकीचे कोठेही जावोत. मोठ्या कोअरमध्ये छापलेले सिलिकॉन वापराविना ठेवणे ही उधळपट्टी आहे.

भ्रमणध्वनी

तशी एक व्यवस्था लिनक्समध्ये प्रत्यक्षात आहे, पण ती कोठे जमली आणि कोठे जमत नाही हे पाहण्यासारखे आहे. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ मध्ये एक्स२ आणि ए५१० हे कोअर फक्त ६४ बिट कोड चालवतात आणि ३२ बिट कोड केवळ ए७१० चालवू शकतात. लिनक्स ५.१५ पासून अशा चिपवर ३२ बिट प्रोग्राम सुरू होतानाच कर्नल त्याला लायक कोअरपुरते मर्यादित करू शकतो. हे जमते, कारण प्रोग्राम ३२ बिट आहे हे ईएलएफ या लिनक्सच्या प्रोग्राम-फाइलच्या मथळ्यातच लिहिलेले असते.

एव्हीएक्स-५१२ चे तसे नाही. प्रोग्रामच्या मथळ्यात काही नसते. एखादी लायब्ररी रनटाइमला ‘सीपीयूआयडी’ विचारून ठरवते. इन्स्ट्रक्शन ई-कोअरवर अडली की कर्नलने तो थ्रेड उचलून पी-कोअरवर न्यावा, असा मार्ग कागदावर निघतो. परंतु ज्या प्रोसेसमध्ये ‘मेमकॉपी’ (मेमरीतल्या मजकुराची नक्कल करणारे फंक्शन) सुद्धा रुंद रजिस्टर वापरू पाहते, त्या प्रत्येक प्रोसेसचे थ्रेड एकेक करून पी-कोअरवर जमा होतील आणि ई-कोअर रिकामे बसतील. मग हायब्रिड रचना केली कशासाठी?

जुनाजाणता

याच पेचातून इंटेलने जुलै २०२३ मध्ये एव्हीएक्स१० जाहीर केले. मूळ योजनेत एव्हीएक्स-५१२ ची बहुतेक वैशिष्ट्ये २५६ बिट रुंदीतही देण्याची सोय होती, म्हणजे लहान कोअरनाही ती झेपावीत. जीसीसी आणि एलएलव्हीएम या कंपायलरमध्ये त्यासाठी २५६ आणि ५१२ असे वेगळे पर्याय घातले गेले. मार्च २०२५ मध्ये इंटेलने योजना बदलली, ५१२ बिट रुंदी सर्वत्र असेल असे ठरले आणि ते २५६ चे पर्याय कंपायलरमधून काढावे लागले. कंपायलर लिहिणाऱ्यांची कीव यावी अशी ही धावपळ होती.

वखार

मी बिल्ड व्यवस्थेचे काम करतो, म्हणून माझा दृष्टिकोन वेगळा आहे. हॅश जुळणे महत्त्वाचे असेल तर ‘नेटिव्ह’ लिहूच नये. २०२० मध्ये एक्स८६-६४ च्या व्ही२, व्ही३, व्ही४ अशा पातळ्या ठरल्या आणि जीसीसी ११ तसेच एलएलव्हीएम १२ पासून त्या थेट लिहिता येतात. व्ही३ मध्ये एव्हीएक्स२, एफएमए आणि बीएमआय येतात, व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२ येते. ताळेबंद यांच्या यंत्राला ‘-मार्च=एक्स८६-६४-व्ही३’ पुरेसे आहे आणि याच यंत्रापुरते हवे असेल तर ‘-मार्च=अल्डरलेक’ स्पष्ट लिहावे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘नेटिव्ह’सारखा पर्यायच नाही; ‘/आर्च’मध्ये काय हवे ते आपणच सांगायचे. गो भाषेतही ‘जीओएएमडी६४’ला पातळीच द्यावी लागते. बिल्डचे काम अनेक यंत्रांत वाटणारे डिस्टसीसीसारखे साधन तर ‘-मार्च=नेटिव्ह’ दिसले की काम दुसऱ्या यंत्राकडे पाठवतच नाही, कारण तेथला ‘नेटिव्ह’ वेगळा. हायब्रिड यंत्र म्हणजे एकाच खोक्यात तीच अडचण आहे.

उंबरठा

वखार, पण ‘-मार्च=अल्डरलेक’ लिहिल्यावर कॅशचे पॅरामीटर यादीत येत नाहीत. मग आपण काही गमावतो का?

वखार

जवळजवळ काहीच नाही. ‘एल१-कॅश-साइझ’चा मुख्य उपयोग लूपमध्ये प्रीफेच (डेटा लागण्याआधीच कॅशमध्ये आणणाऱ्या) इन्स्ट्रक्शन घालणाऱ्या टप्प्यात होतो, आणि इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरसाठी जीसीसी तो टप्पा स्वतःहून चालू करत नाही, ‘-एफप्रीफेच-लूप-ॲरेज’ मुद्दाम द्यावे लागते.

गणिती_मन

कंपायलरवरच सर्वांचे लक्ष आहे, पण तोच प्रश्न रनटाइमलाही पडतो आणि तेथे तो अधिक लपलेला असतो. जीलिबसी (लिनक्सवरील सी भाषेची मूळ लायब्ररी) प्रोग्राम सुरू होताना एकदाच ‘सीपीयूआयडी’ वाचते आणि ‘मेमकॉपी’ची कोणती आवृत्ती वापरायची, किती मोठ्या नकलेनंतर कॅश वगळून थेट मेमरीत लिहायचे, अशा मर्यादा ठरवते. हे सर्व ज्या कोअरवर प्रोग्रामचा जन्म झाला त्याच्या कॅशवरून. पुढे प्रोग्राम दिवसभर दुसऱ्या प्रकारच्या कोअरवर फिरला तरी मर्यादा त्याच राहतात. जीसीसीच्या ‘__बिल्टिन_सीपीयू_सपोर्ट्स’चेही तसेच, एकदा विचारून साठवलेले उत्तर वाचले जाते. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ‘गेटकॉन्फ’ला पहिल्या पातळीच्या डेटा कॅशचा आकार विचारा, एकदा पी-कोअरवर आणि एकदा ई-कोअरवर बांधून. तोच संगणक एकदा ४९१५२ सांगेल आणि एकदा ३२७६८.

ॲपलने हे जरा शहाणपणाने हाताळले आहे. एम१ मध्ये मोठ्या कोअरचा डेटा कॅश १२८ किलोबाइटचा आणि लहान कोअरचा ६४ चा आहे, पण यंत्रणेची माहिती देणाऱ्या ‘सिसकंट्रोल’मध्ये ‘परफलेव्हल०’ आणि ‘परफलेव्हल१’ अशा दोन वेगळ्या नोंदी मिळतात. प्रोग्राम कोठेही चालत असो, उत्तरे तीच येतात आणि दोन प्रकार आहेत हेही कळते.

पडवी

एक अवांतर. अल्डर लेक बाजारात आला तेव्हा पन्नासच्या आसपास गेम चालत नव्हते, कारण त्यांच्यातल्या नक्कल-प्रतिबंधक व्यवस्थेला ई-कोअर म्हणजे दुसराच संगणक वाटत होता. काही मदरबोर्डवर त्यावर उपाय म्हणून ‘स्क्रोल लॉक’ दाबून ई-कोअर झोपवण्याची सोय दिली होती. त्या कळीला इतक्या वर्षांनी काम मिळाले याचा मला मनापासून आनंद झाला होता.

ताळेबंद (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंबरठा यांनी सुचवल्याप्रमाणे बिल्ड बांधून पाहिले. फक्त पी-कोअरवर चालवले तर हॅश नेहमी पहिला, फक्त ई-कोअरवर चालवले तर नेहमी दुसरा. मोकळे सोडले तर दोन्हींपैकी कोणताही. पुढे दोन्ही फाइलींचे विभाग स्वतंत्रपणे ताडून पाहिले, तेव्हा मशीन कोडचा विभाग तंतोतंत सारखा निघाला. फरक फक्त डीबग माहितीत आहे : ही फाइल कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या पर्यायांनी तयार केली याची जी ओळ जीसीसी तेथे लिहितो, तिच्यात एके ठिकाणी ‘एल१-कॅश-साइझ=४८’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ३२. म्हणजे वखार म्हणतात तेच, निर्माण झालेल्या कोडमध्ये कॅशच्या आकड्याचा काही परिणाम झालेला नाही. ‘-मार्च=अल्डरलेक’ लिहिल्यावर हॅश एकच येतो.

तरीही एक शंका उरते. हा फरक आज केवळ नोंदीपुरता निघाला. तो उद्या मोठा होऊ शकतो का?

आज्ञावली

होऊ शकतो. मीटिअर लेक पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्या प्रोसेसरमध्ये पी-कोअर आणि ई-कोअर यांच्याखेरीज वेगळ्या टाइलवर दोन अल्पशक्ती ई-कोअर आहेत आणि त्यांना तिसऱ्या पातळीचा कॅश उपलब्धच नाही. जीसीसीचा इंटेलसाठीचा कोड तिसऱ्या पातळीचा कॅश आढळला तर त्याचाच आकार ‘एल२-कॅश-साइझ’ म्हणून पुढे देतो. कोअर अल्ट्रा ७ १५५एच मध्ये तो २४ मेगाबाइट आहे. ड्रायव्हर त्या अल्पशक्ती कोअरवर चालला तर त्याला दुसऱ्या पातळीचे २ मेगाबाइटच दिसतील. ४८ आणि ३२ मधला फरक एक वेळ दुर्लक्षित करता येईल, पण ही बारा पटींची तफावत आहे. प्रीफेचचा पर्याय चालू ठेवून कोणी बिल्ड करत असेल तर कोडही बदलू शकतो.

रात्रपाळी

एएमडीवाल्यांना या बाबतीत निश्चिंत राहता येते. झेन ५ आणि झेन ५सी या त्यांच्या मोठ्या आणि आटोपशीर कोअरचा इन्स्ट्रक्शन संच एकच आहे, एव्हीएक्स-५१२ दोन्हींना येते. रायझन एआय ९ एचएक्स ३७० मध्ये चार झेन ५ कोअरना १६ मेगाबाइटचा आणि आठ झेन ५सी कोअरना ८ मेगाबाइटचा एल३ आहे, पण पहिल्या दोन पातळ्यांचे कॅश सारखेच आहेत, आणि एएमडीसाठी जीसीसी एल३ कडे पाहतच नाही.

खडूफळा

मी माझ्या मूळ मुद्द्यावर ठाम आहे, फक्त तो आता नेमका करून मांडतो. हायब्रिड बिट दिसला की जीसीसीने कॅशचे पॅरामीटर देणेच थांबवावे. ज्या आकड्याचा अर्थ प्रोग्राम कोठे चालेल यावर अवलंबून आहे, तो बिल्डच्या वेळी यादीत घुसवण्याचे कारण मला दिसत नाही. क्लँग हा एलएलव्हीएमचा कंपायलर ‘नेटिव्ह’साठी असे पॅरामीटर देत नाही आणि त्यावाचून त्याचे काही अडलेले नाही.

भ्रमणध्वनी

हे मला पटते. कर्नलकडून काय अपेक्षा ठेवावी याचे चांगले उदाहरण आरआयएससी-व्ही या प्रोसेसरच्या जातीमध्ये आहे. लिनक्स ६.४ पासून तेथे ‘एचडब्ल्यूप्रोब’ नावाचा सिस्टिम कॉल आहे. त्याला कोअरचा एक संच द्यायचा आणि त्या संचातील सर्वांना काय काय येते ते विचारायचे. ‘मी कोठे चालणार आहे’ हे प्रश्नातच सांगता येते. एक्स८६ वर ‘सीपीयूआयडी’ थेट मिळत असल्यामुळे अशा कॉलची सवय कोणाला लागली नाही.

गणिती_मन

एक्स८६ वर मधला मार्ग एकच आहे, तो म्हणजे व्हर्च्युअल मशीन. इंटेलच्या व्हीटी-एक्समध्ये पाहुण्या यंत्रणेने ‘सीपीयूआयडी’ चालवली की ती प्रत्येक वेळी हायपरव्हायजरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) जाते आणि उत्तर तो देतो. ताळेबंद यांना पुढेमागे ‘नेटिव्ह’ ठेवूनच स्थिर हॅश हवा असेल, तर हायपरव्हायजरमध्ये सीपीयूचे मॉडेल नाव घेऊन निश्चित करावे; ‘होस्ट’ असे लिहिले, तर कॅशचे आकडे मशीन सुरू होताना हायपरव्हायजर ज्या कोअरवर असेल त्याचे उचलले जाऊ शकतात.

ताळेबंद (धागाकर्ता)

तूर्त ‘-मार्च=अल्डरलेक’ मेकफाइलमध्ये लिहून टाकले आहे. मीटिअर लेकचा संगणक कोणाकडे असल्यास त्यांनी अल्पशक्ती कोअरवर जीसीसी बांधून ‘एल२-कॅश-साइझ’ काय येते ते येथे टाकावे, ही विनंती.